बावीतला हंसराज

हंसराज कधी भिजत नाही. हे मला पुस्तकातून कळायच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं, कारण तो आमचा खेळच होता. बावीच्या कठड्यावर पोटावर पडायचं, हात लांबवून एक पान खुडायचं, पाण्याच्या बादलीत बुडवून दाबून धरायचं आणि बाहेर काढून गालाला लावायचं. गाल कोरडाच. बाव म्हणजे विहीर. वसईजवळच्या भुईगावात आमच्याकडे विहिरीला बावच म्हणतात आणि मीही तोच शब्द वापरणार आहे, कुणाला खटकला तर खटकू दे. आता वय झालं, बुडवायला बादली नाही, बावीवर लोखंडी जाळी आहे. पण पावसाळ्यात कुठल्याही जुन्या भिंतीवर हंसराज दिसला की माझा हात आपोआप पुढे जातो आणि बरोबरचे लोक म्हणतात, अहो बाई, चिखल आहे तिकडे.

दिसायला अगदी साधा नेचा. वीतभर वाढला तर खूप. याला फूल नाही, फळ नाही, बी नाही, त्यामुळे देवाला वाहायला उपयोग नाही आणि खायला तर नाहीच नाही. काळा चकचकीत देठ, तारेसारखा बारीक, आणि त्याच्या दोन्ही अंगांना अर्ध्या चंद्राच्या आकाराची पानं, एक इकडे तर पुढचं तिकडे. पान उलटं केलं की बाहेरची कड आत दुमडलेली दिसते, आत्या माझ्या परकराला घालायची त्या दुमडीसारखी, आणि त्या दुमडीखाली तपकिरी भुकटी. तेच त्याचं बियाणं. तुंगारेश्वरच्या डोंगरात तो पावसाळ्यात ओल्या दरडींवर मुबलक उगवतो आणि दिवाळीनंतर वाळून नाहीसा होतो. मातीत त्याचं खोड तेवढं जीव धरून राहतं. आमच्या बावीत मात्र तो भर वैशाखातही हिरवा असायचा. बाव काळ्या दगडाची होती, सांधे चुन्याचे होते. हंसराजाला चुना आवडतो. दक्षिणेकडच्या भिंतीवर ऊन पडत नसे, खालून पाण्याचा गारवा यायचा. एवढं मिळालं की त्याचं भागतं.

त्याची आणखी एक खोड आहे आणि तिच्यावरच हे सगळं प्रकरण उभं आहे. हंसराज चालतो. पानं संपली तरी त्याचा देठ पुढे वाढत राहतो, नुसता बोडका, शेपटीसारखा. त्याचं टोक वाकून ओल्या जागेला टेकलं की तिथं मूळ धरतं आणि नवं रोप उभं राहतं. आई एका सांध्यात, लेक दुसऱ्या सांध्यात आणि मध्ये ती काळी तार, सैल, वाळत घालायच्या दोरीसारखी झोल पडलेली. मी बारावीला शास्त्र शाखेत होते. नेच्यांचा धडा शिकवताना बाईंनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, हे तर मला ठाऊक आहे, हे तर आमच्याच घरचं आहे. मग मी रोज सकाळी बावीवर जाऊन बघायला लागले. दक्षिणेच्या भिंतीत, कठड्याच्या थोडं खाली, एक मोठा दगड होता, मधोमध उंचवटा असलेला. त्याच्या वरच्या सांध्यात आई, खालच्या सांध्यात लेक. त्या दगडावरून झोल घेऊन गेलेली तार मला दाराच्या कडीइतकी ओळखीची झाली होती.

घरात आम्ही तिघंच. आई मी लहान असतानाच गेली. भाऊ म्हणजे माझे वडील. त्यांना सगळा गावच भाऊ म्हणायचा, वाडीत येणारी माणसं, शेजारी, पोस्टमन, म्हणून मीही भाऊच म्हणायचे. आणि आत्या. ती भाऊंची थोरली बहीण, नवरा गेल्यावर माहेरी आलेली. भाऊंचं नाव वामन. ते घ्यायचा हक्क आमच्या घरात एकट्या आत्याचा होता आणि तो ती पुरेपूर बजावायची. सकाळी डोळे उघडल्यापासून घरात तेच ऐकू यायचं. वामन, चहा निवतो. वामन, केळीवर वानरं. वामन, चपला दारात नको. आमची घरची बोली वाडवळी. ती आहे तशी लिहायला बसले तर वाचणाऱ्याला दुभाषा लागेल, म्हणून इथं जराशी सोलून देते आहे.

वाडीत, म्हणजे आमच्या बागायतीत, राजेळी केळी होती, पानवेली होत्या, अळू, सोनचाफा. थंडीत अंगणात बांबूच्या मांडवावर त्याच केळ्यांची सुकेळी वाळत असायची, तिचा गोड, किंचित आंबूस वास गोधडीपर्यंत यायचा. हे सगळं बावीच्या पाण्यावर. मी बारावीला होते त्या वर्षी मात्र पाणी तळाला गेलं. आजूबाजूला टँकर भरणारे पंप लागले होते, नायगावपासून विरारपर्यंत नव्या इमारती उठत होत्या आणि त्यांना पाणी आमच्याच पट्ट्यातून जात होतं. पानवेल तहान सहन करत नाही. दोन दिवस चुकले की पानं पिवळी पडतात, आणि पडली की वेलच जातो. बाव उपसून गाळ काढला तर बुजलेला झरा मोकळा होईल, एवढाच उपाय उरला होता.

आमच्याकडे बाव हातानं उपसायची रीत होती. रहाट चालवायचा, पाणी थोडं थोडं उतरवायचं, भिंतींना सवय होऊ द्यायची. आठवडा गेला तरी चालेल. पण त्या वर्षी आठवडा कुणाकडे होता? भाऊंनी डिझेलचं इंजिन भाड्यानं आणलं. एका दिवसात तळ दिसेल म्हणाले. आत्या म्हणाली, "वामन, बाव अशी ओरबाडून नाय उपसत." भाऊ म्हणाले, "अक्का, वेली मेल्या तर बाव काय लोणच्याला घालायची?"

बाव उपसण्याच्या दिवशी घरात काही नियम असायचे आणि ते आत्याच्या ताब्यात होते. सकाळी नारळ वाढवायचा. चुलीवर वालाचं बिरडं शिजवायचं, तांदळाच्या भाकऱ्या करायच्या, पण खाली उतरलेली माणसं वर येईपर्यंत झाकण काढायचं नाही. आणि सगळ्यात कडक नियम: बावीत उतरलेल्या माणसाला नावानं हाक मारायची नाही. थांबवायचं किंवा ओढायचं असेल तर दोराला हिसका देऊन सांगायचं. एक हिसका म्हणजे थांबा, दोन म्हणजे ओढा. का, असं मी लहानपणी विचारलं होतं. आत्यानं सांगितलं, "बाव नाव ऐकते. लक्षात ठेवते. मग कधीतरी ती स्वतः हाक मारते." म्हणून त्या दिवशी आत्या बावीच्या काठावर फिरकायचीसुद्धा नाही, चुकून तोंडातून वामन निघेल म्हणून. ती मागच्या पडवीत बसायची आणि दिवसभर कुणाशी बोलायची नाही.

सकाळी उन्हं वर यायच्या आत इंजिन धडधडायला लागलं. आमच्या वाडीत असला आवाज कधी झाला नव्हता. कावळे उडाले, गोठ्यातली गाय दावं ताणून उभी राहिली. दुपारपर्यंत तळ दिसला. मग भाऊ आणि नामदेव खाली उतरले. नामदेव खाडीकडच्या गावातला, दरवर्षी यायचा. नुकतंच लग्न झालेला, अंगानं दांडगा. वर दोरावर पास्कलमामा. तो आमचा शेजारी, कुंपणापलीकडचा. गाळाचं घमेलं त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला ओढू द्यायला भाऊ तयार नसत. उत्तरेच्या भिंतीत चढउतारासाठी दगड पुढे काढलेले होते. झरा मात्र दक्षिणेच्या भिंतीच्या पायाशी, तेव्हा दोघं तिथंच वाकून खणत होते. नामदेवचा आवाज वर आला, "भाऊ, पानी येतंय! गोडं पानी!" पास्कलमामा हसला. मी पण हसले. इतक्या दिवसांनी वाडीत कुणीतरी हसत होतं.

हसता हसता माझी नजर त्या दगडावर गेली आणि काहीतरी चुकलं. आधी कळेना काय. हंसराज होता, आई होती, लेक होती. मग दिसलं. तारेला झोल नव्हता. ती सरळ ताणलेली होती, सतारीच्या तारेसारखी, आणि लेकीचं रोप मुळासकट जरासं वर ओढलं गेलं होतं. चुन्यातून सुटलेली त्याची पांढुरकी मुळं उघड्यावर दिसत होती. सकाळी नारळ वाढवताना मी पाहिलं होतं तेव्हा झोल होता. हंसराज एका दुपारात आखडत नाही. तो तिथंच होता. दगड पुढे सरकला होता.

मी पास्कलमामाला म्हटलं, "मामा, भिंत सुटतेय." त्याच्या हातात भरलेलं घमेलं होतं, निम्म्यावर आलेलं. त्यानं मान वळवून पाहिलं. काळा दगड, त्यावर हिरवी पानं, रोजच्यासारखी. "काय नाय गो बाय," तो म्हणाला, "तुझ्या बापजाद्यांची भिंत हाय ती. बाजूला सर, मना ओढू दे." मी म्हटलं, दोराला हिसका द्या. तो म्हणाला, भरलेलं घमेलं लटकताना हिसका कसा देऊ, खाली त्यांच्या डोक्यात जाईल. ते खरंच होतं. इंजिन बंद करायला सांगितलं तर त्याचे दोन्ही हात अडकलेले आणि मला ते यंत्र कुठून बंद होतं हेही ठाऊक नाही. मी पडवीकडे धावले. "आत्या, भिंत पडणार!" आत्यानं मला दंडाला धरलं, नखं रुतेपर्यंत. "तोंड बंद कर. माणसं खाली असताना असलं अभद्र बोलतेस?" मी म्हटलं, "आत्या, तू त्यांना वर बोलाव." ती नुसती मान हलवत राहिली. तिचे डोळे पाहून मला कळलं की तिला माझ्यापेक्षाही जास्त भीती वाटते आहे आणि म्हणूनच ती उठणार नाही.

मी परत काठावर आले, पोटावर पडले, लहानपणी पडायचे तशी, आणि खाली ओरडले, "भाऊ! भाऊ, वर या!" आता गंमत बघा. दिवसभर सगळे त्यांना भाऊच म्हणत होते. भाऊ, घमेलं सोडा. भाऊ, पहार द्या. भाऊ, पानी येतंय. त्यांनी वर न बघता हात हलवला, थांब म्हणून. मी पुन्हा ओरडले. पुन्हा हात हलला, जरा रागानं. इंजिनाच्या धडधडीत माझा आवाज म्हणजे एका पोरीची कटकट. आणि तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती तार तुटली. आवाज झाला नाही. एक टोक वर उडालं, एक खाली पडलं, आणि दगडाच्या मागून वाळूची बारीक धार सुरू झाली, पिठाच्या चाळणीतून पडते तशी.

मी ओरडले, "वामन!"

हे नाव माझ्या तोंडून आयुष्यात कधी निघालं नव्हतं. मुलीनं बापाला नावानं हाक मारायची नाही आणि बावीत उतरलेल्याला तर कुणीच मारायची नाही, हे दोन्ही मी एका दमात मोडलं. बावीनं ते नाव गोल फिरवून मोठं केलं. भाऊंनी झटकन वर पाहिलं. ती हाक जगात एकाच माणसाची होती आणि ते माणूस उपशाच्या दिवशी बावीवर कधी येत नसे. त्यांचा चेहरा चिखलानं माखलेला, त्यात फक्त डोळे. मी हात लांब करून भिंत दाखवली. त्यांनी वाळूची धार पाहिली, नामदेवची बंडी मुठीत धरली आणि त्याला उत्तरेच्या भिंतीकडे अक्षरशः फेकलं. "चढ!" एवढा एकच शब्द. नामदेव चढला. भाऊ त्याच्या मागून दुसऱ्या दगडावर पाय ठेवत होते आणि दक्षिणेची भिंत खाली आली.

ती सरळ कोसळली नाही. आधी मधे फुगली, मग सगळी एकदम बसली. इंजिनाचा पाइप वाकला, इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. त्यानंतरची शांतता मला अजून ऐकू येते. धूळ आणि वाळू वर आली, काही दिसेना. पास्कलमामा येशूचं नाव घेत होता. मी काय करत होते ते मला आठवत नाही. तो सांगायचा की मी काठावरची माती मुठीमुठीनं उचलून बाजूला टाकत होते, जशी काही तीच माझ्या वडिलांवर पडली होती. मग उत्तरेच्या कठड्यावर नामदेवचा हात आला. तो वर आला आणि लगेच परत वाकला, आणि त्यानं आणि पास्कलमामानं मिळून भाऊंना काखेत धरून ओढून काढलं. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली वेडावाकडा झाला होता. त्यांना जमिनीवर ठेवलं तर ते डोळे फिरवत विचारायला लागले, "सगळे वर आले? सगळे वर आले?" नामदेव त्यांच्यासमोर बसून रडत होता, "आलो भाऊ, आलो, सगळे आलो," तरी ते विचारतच होते.

आत्या पडवीतून आली होती. ती भाऊंच्या उशाशी बसली, पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता जवळ घेईल. ती म्हणाली, "तू नाव घेतलंस."

मला अतोनात राग आला. तो राग मी कित्येक वर्षं सांभाळला, खोटं कशाला बोलू? मी बाप वाचवला आणि घरात मीच गुन्हेगार. भाऊंच्या पायाला प्लास्टर घालून आणलं, संध्याकाळी मीठमोहरीनं दृष्ट काढली, झाकून ठेवलेलं बिरडं सगळ्यांना वाढलं. नामदेव दोन भाकऱ्या खाऊन ओंजळीत तोंड लपवून बसला. आत्या जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, "दगडू, चहा निवतो." भाऊंनी दाराकडे पाहिलं, कोण आलंय म्हणून. आत्या कप घेऊन त्यांच्यासमोर उभी होती. "दगडू, घे." पोटची मुलं जगत नाहीत तेव्हा आयाबाया मुलाचं नाव दगडू, धोंडू ठेवतात, म्हणजे न्यायला येणाऱ्याला वाटावं, हा काय, दगडच तर आहे. आत्यानं पन्नाशीला आलेल्या भावाचं तसं बारसं केलं. बावीला वामन ठाऊक झाला होता ना, मग वामन नावाचं कुणी घरात ठेवायचंच नाही.

पहिल्यांदा भाऊ हसले, मग वैतागले. पाहुण्यांसमोर दगडू, भाजीवाल्यासमोर दगडू. पास्कलमामानं रविवारी चर्चमध्ये मिस्साला मेणबत्ती लावली होती, तो आत्याला म्हणाला, "अक्का, आमच्या देवानं बघितलं, आता पुरे कर." आत्या बधली नाही. मी तिच्याशी भांडले, शास्त्र सांगितलं, पाणी एकदम उपसलं की भिंतीमागची ओली वाळू ढकलते, बाव काही ऐकतबिकत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असेल. पण तुझ्या हाकेनं त्यानं वर बघितलं की नाय? मग बावीनं ऐकलं नसेल कशावरून?" भाऊ लंगडत चालू लागले तेव्हा ते त्या नावाला ओ द्यायला लागले होते. आत्या गेली त्या दिवशीही तिनं दगडूलाच पाणी मागितलं. वामन हा शब्द तिच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही.

दक्षिणेची भिंत सिमेंटनं बांधली. सिमेंटात हंसराज लागत नाही. कितीतरी वर्षं ती बाजू टकली होती. वेली वाचल्या, पुढे वाडीचा अर्धा भाग गेला, तिथं आता इमारत आहे आणि नळाला पाणी आहे. गेल्या पावसाळ्यात मी जाळीतून वाकून पाहिलं तर सिमेंटला तडे गेलेत आणि उत्तरेकडच्या जुन्या चुन्यातून चालत चालत तो पूर्वेपर्यंत येऊन पोचलाय. घाई नाही त्याला.

आत्या गेल्यावर काही वर्षांनी भाऊंना वसईतल्या दवाखान्यात ठेवलं होतं. खूप थकले होते, दोन दिवस डोळे उघडले नव्हते. दुपारची वेळ, खिडकीत ऊन. सिस्टर आली, केसपेपरावरचं नाव वाचून त्यांच्या गालावर थापट्या मारायला लागली, "वामन अप्पा! वामन अप्पा, आँखें खोलो!" पुन्हा पुन्हा, मोठ्यानं. आणि मी, जिनं जन्मभर आत्याला हसून घेतलं, त्या मला वाटलं तिच्या तोंडावर हात ठेवावा. भाऊ काही हलले नाहीत. मग सिस्टर बाजूला झाली आणि मी पलंगाच्या कडेवरून वाकले, कठड्यावरून वाकावं तशी, आणि आत्याच्या चालीत म्हटलं, "दगडू, चहा निवतो."

त्यांनी डोळे उघडले. खोल तळातून कुणी वर बघावं तसं पाहिलं. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"सगळे वर आले?"

"आले," मी म्हटलं. "नामदेव आला, तुम्ही आलात. सगळे आले."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं सिस्टर परत आली. मी तिला म्हटलं, आता त्यांना नावानं हाक मारू नका.